पावसाळा, ताप आणि आपली चाळ: सिस्टरला दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की तेच तेच प्रश्न सुरू होतात. ड्युटीवरून येताना जिन्यात कोणीतरी थांबवतं, पहाटे नळावर कोणीतरी विचारतं, आणि ग्रुपवर तर रात्री साडेअकराला "सिस्टर जाग्या आहात का" असा मेसेज पडतो. बावीस वर्षं वॉर्डात काढलीत आणि परळच्या ह्याच चाळीत राहते, तेव्हा विचारणार तुम्ही मलाच, त्याबद्दल तक्रार नाही, पण एकच उत्तर चाळीस वेळा द्यायचा आता कंटाळा आलाय म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. मी नर्स आहे, डॉक्टर नाही, औषध लिहून देणं माझं काम नाही. कधी घरी थांबायचं आणि कधी धावायचं एवढं मात्र सांगू शकते.

सुरुवात करायच्या आधी एक काम करा. भिंतीवरच्या कॅलेंडरला दोऱ्याने एक पेन बांधून ठेवा, जसं दूधवाल्याच्या हिशेबाला बांधतो तसंच. घरात कोणाला ताप आला की त्या तारखेवर गोल करायचा, नाव लिहायचं आणि ताप किती होता ते लिहायचं. का, ते पुढे कळेल.

साधाच ताप आहे, किती दिवस वाट बघू?

पावसाळ्यात "साधा ताप" हा शब्दच काढून टाका. जून ते ऑक्टोबर मुंबईत ताप आला म्हणजे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (साठलेल्या पाण्यातल्या उंदरांच्या मुतातून होतो तो लेप्टोस्पायरोसिस), टायफॉईड, फ्लू यातलं काहीही असू शकतं आणि पहिल्या दिवशी सगळे सारखेच दिसतात, अंग दुखतं, डोकं दुखतं, तोंडाला चव नसते. त्यामुळे माझा नियम असा की दुसऱ्या दिवशीही ताप असेल तर डॉक्टरला दाखवायचं आणि मलेरियासाठी रक्त तपासून घ्यायचं. थंडी वाजून हुडहुडी भरत असेल तर पहिल्याच दिवशी. लहान बाळ, गरोदर बाई, डायबेटिस किंवा डायलिसिसवाला माणूस, साठीच्या पुढचे लोक यांनी वाट बघायचीच नाही.

डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आलीये, म्हणजे सुटलो ना?

कितव्या दिवशी केली ते सांगा आधी! हा प्रश्न मी विचारला की समोरचा आठवायला लागतो, "मंगळवारी ताप आला... नाही, सोमवारी रात्री अंग गरम होतं", आणि घरातले तिघं तीन वार सांगतात, म्हणून तो कॅलेंडरचा खटाटोप.

एनएसवन नावाची टेस्ट असते ती पहिल्या पाच दिवसांत कामाची. पाच दिवसांनंतर ती निगेटिव्ह येऊ शकते, डेंग्यू असला तरी. तेव्हा मग आयजीएमची, म्हणजे डेंग्यूशी लढायला शरीर बनवतं त्या अँटिबॉडीची टेस्ट करतात, आणि ती दुसऱ्या दिवशी केली तर तीही निगेटिव्हच येणार कारण शरीरात ती अँटिबॉडी तयारच झालेली नसते. म्हणजे दोन्ही टेस्ट खऱ्या, पण चुकीच्या दिवशी केल्या तर पैसे गटारात. शिवाय पंधरा मिनिटांत रिझल्ट देणारी कार्ड टेस्ट वेगळी आणि लॅबमध्ये मशीनवर होणारी एलायझा वेगळी, सरकारी कार्यक्रमात एलायझाच धरतात. लॅबवाल्याला विचारा कुठली करतोयस, तो सांगतो.

ताप उतरला आता, उद्यापासून शाळेत पाठवू का?

नको. इथेच माणसं फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, आपल्याच मजल्यावरचा एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा. चार दिवस ताप १०३च्या घरात, पाचव्या दिवशी सकाळी अंग थंडगार, आईने हुश्श केलं, आंघोळ घातली, आणि मला गॅलरीत सांगितलं की बरा झाला एकदाचा. मी नाईट करून आलेली, डोळे मिटत होते, तरी म्हटलं बघू तरी. पोरगा भिंतीला टेकून बसलेला, टीव्ही चालू होता पण बघत नव्हता. पोटाला हात लावला तर कळवळला. सकाळपासून तीनदा उलटी झालीये हे मग बोलता बोलता कळलं, आई म्हणे ॲसिडिटी असेल. हात हातात घेतला तर गार आणि ओलसर. तसंच टॅक्सीत घातलं. चार दिवस सलाईनवर होता, नीट घरी आला, आता गॅलरीत क्रिकेट खेळून माझ्या कुंड्या फोडतो.

डेंग्यूत धोका ताप असताना कमी असतो, ताप उतरल्यावर जास्त असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप खाली येतो त्याच सुमाराला, रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं, बीपी पडतं. म्हणून ताप गेल्यानंतरचे दोन दिवस डोळ्यात तेल घालून बघायचं. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, शी काळी होणं, लघवी कमी होणं, माणूस एकदम गळून जाणं किंवा उगाच तळमळणं, यातलं एक जरी दिसलं तरी ॲडमिट करायच्या तयारीने निघायचं, "संध्याकाळी फॅमिली डॉक्टर बसले की दाखवू" असं नाही.

प्लेटलेट ऐंशी हजार झाल्यात, डोनर शोधू का? पपईचा रस देऊ का?

ग्रुपवर सगळ्यात जास्त घबराट ह्याचीच. नॉर्मल दीड लाख ते साडेचार लाख असतात हे खरं, पण ऐंशी हजाराला काहीही होत नाही. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट चढवायचा विचार साधारण दहा हजाराच्या खाली गेल्यावर करतात. डॉक्टर प्लेटलेटपेक्षा बीपी, लघवी आणि रक्त किती घट्ट झालंय ते जास्त बघतात, रिपोर्टवर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट असं लिहिलेलं असतं तो आकडा. तो वाढत चालला की काळजी.

पपईची पानं, किवी, बकरीचं दूध. डेंग्यूच्या दिवसांत किवीचे भाव काय होतात ते तुम्हीच बघता. प्लेटलेट आठवड्याभराने आपल्या आपण वर चढायला लागतात आणि त्या दिवशी पेशंटने जे खाल्लेलं असतं त्याला श्रेय मिळतं, मग तो किवी असो नाहीतर वरणभात. किवी खायचा तर खा, फळच आहे. पण पपईच्या पानाचा कडू रस पाजून आधीच उलट्या होणाऱ्या माणसाला आणखी उलट्या करायला लावू नका, आणि बकरीचं दूध कच्चं तर अजिबात नको, त्यातून वेगळाच ताप यायचा. खरं औषध म्हणजे पाणी, ताक, नारळपाणी, पेज, डाळीचं पाणी, ओआरएस, थोडं थोडं करून दिवसभर.

तापावर घरात कुठली गोळी ठेवू?

पॅरासिटामॉल. फक्त पॅरासिटामॉल, आणि तीही सहा तासांच्या अंतराने, वजनाप्रमाणे. अंग फार दुखतंय म्हणून मेडिकलवाल्याकडून "स्ट्राँग काहीतरी द्या" म्हणून आणलेल्या गोळीत आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असतं, डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्राव वाढतो. ॲस्पिरिन पण तसंच. ज्यांना हार्टसाठी ॲस्पिरिन रोज चालू आहे त्यांनी मनाने बंद करू नका, ताप आला तर डॉक्टरला विचारा.

आणि उरलेली ॲन्टिबायोटिक दोन-दोन गोळ्या घ्यायची सवय, ती सोडा.

आमचं घर एकदम स्वच्छ आहे, आमच्याकडे डेंग्यूचा डास कुठून येणार?

स्वच्छ घरातच येतो तो. एडिस, पायावर पांढरे पट्टे असलेला, त्याला गटाराचं पाणी चालत नाही, साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. फार लांब उडत नाही, शेदोनशे मीटरच्या टप्प्यात त्याचं सगळं आयुष्य जातं, म्हणजे तुम्हाला चावलेला डास तुमच्या नाहीतर शेजारच्या मजल्यावरचाच आहे, समोरच्या नाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही.

अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत सात ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, आठवडा हा आकडा कोणी हवेतून काढलेला नाही. आपल्या चाळीत रविवार ठरवलाय. पिंप, बादल्या, घागरी, सगळं रिकामं करायचं, आणि नुसतं रिकामं करून चालत नाही, आतून काथ्याने किंवा ब्रशने खसाखसा घासायचं, कारण मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुढच्या वर्षी त्याच पिंपात पाणी भरलं की फुटतात.

आता माझीच फजिती सांगते. मलेरिया डिपार्टमेंटचा माणूस बॅटरी घेऊन आला, मी ऐटीत दार उघडलं, या म्हटलं, सिस्टरचं घर आहे. त्याने मोरीतलं पिंप बघितलं, ठीक. फ्रीजच्या मागचा ट्रे बघितला, कोरडा. मग खिडकीत ठेवलेली मनी प्लांटची बाटली उचलून उजेडात धरली आणि मला म्हणाला, "ताई, हे बघा." आत बारीक काळे दोरे वरखाली वळवळत होते, दहाबारा तरी. शेजारच्या काकू दारात उभ्या! तेव्हापासून मनी प्लांट मातीत.

जागा शोधायच्या तर ह्या: फ्रीजचा ट्रे, एसीच्या पाण्याखाली ठेवलेला डबा, कुंडीखालची बशी, पत्र्यावर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या, ताडपत्री उडू नये म्हणून वर ठेवलेले टायर, गच्चीतल्या टाकीचं फुटकं झाकण, गणपती मंडळाच्या सामानात पालथे न घातलेले थर्माकोलचे डबे, नारळाच्या करवंट्या. पिंपावर कपडा बांधता ना, तो ताणून बांधा. मध्ये झोळ पडून कपडा पाण्याला टेकला तर मादी कपड्यावर बसून आरामात अंडी घालते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

धूर मारायला नगरसेवकांना फोन करा ना.

केला तर येतात, आणि बरं पण वाटतं सगळ्यांना, काहीतरी झालं असं. पण धुराने फक्त त्या वेळी उडत असलेले डास मरतात. पाण्यातल्या अळ्यांना त्याचं काही नाही, त्या दोन दिवसांनी डास होऊन बाहेर येतात. केस निघालेल्या घराभोवती धूर मारण्यात अर्थ आहे, दर आठवड्याला हौस म्हणून नाही. आणि धुराची गाडी आली की दारंखिडक्या लावून घेतात सगळे, मग घरातला डास घरातच सुखरूप! दम्याच्या पेशंटला आधी दुसरीकडे पाठवा आणि अन्न झाकून ठेवा.

मलेरियाच्या गोळ्या घेतल्या, तीन दिवसांत ठणठणीत. बाकीच्या टाकून देऊ?

टाकून दिल्या तर तोच मलेरिया महिन्यादोन महिन्यांनी परत भेटायला येतो. आपल्याकडे जास्त दिसणारा व्हायवॅक्स मलेरिया रक्तातून गेला तरी लिव्हरमध्ये दडून बसतो, त्याला तिथून काढायला प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावी लागते. तीन दिवसांची ती क्लोरोक्विन, तिने ताप जातो, दडलेला जात नाही. १४ दिवस कॅलेंडरवर टिक करत जा. गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांना प्रायमाक्विन देत नाहीत, आणि काही जणांना रक्ताच्या एका दोषामुळे ती चालत नाही म्हणून आधी टेस्ट करतात, त्यामुळे शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेणं हा प्रकार नको. गोळी चालू असताना लघवी चहासारखी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडे.

दुसरा फॅल्सिपेरम, तो डोक्यात जाऊ शकतो, माणूस बरळायला लागतो, फिट येते. त्याची औषधं वेगळी. मलेरियाचा डास रात्री चावतो आणि मुंबईत तो उघड्या टाक्या, विहिरी, बांधकामावर साठलेलं पाणी असल्या ठिकाणी वाढतो. आजूबाजूला टॉवर किती चाललेत ते बघताच आहात. मच्छरदाणी लावा, जुनी असली तरी चालेल, भोकं शिवून घ्या.

हिंदमाता चौकात तुंबलेल्या पाण्यातून चालत आलो, काही होणार नाही ना?

जमिनीखाली टाक्या बांधल्यापासून तिथलं पाणी लवकर उतरतं हे मान्य, पण मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आला की गुडघाभर होतंच. त्या पाण्यात उंदरांचं मूत असतं, कुत्र्या-गुरांचंही, आणि लेप्टोचे जंतू पायावरच्या बारीकशा जखमेतून, भेगाळलेल्या टाचेतून, चपलेने सोललेल्या जागेतून आत शिरतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, तो पूर सगळ्यांना आठवतो, पण त्यानंतरच्या आठवड्यांत वॉर्ड लेप्टोने कसे भरले होते ते आम्हाला आठवतं.

म्हणून घरी आल्या आल्या साबणाने पाय धुवा, कोरडे करा, जखम असेल तर अँटिसेप्टिक लावा आणि २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरला किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन सांगा की पाण्यातून आलोय. डॉक्सिसायक्लिन देतात. एकदाच घ्यायची की काही दिवस, ते तुम्ही किती वेळ पाण्यात होता आणि जखम होती का यावर ठरतं. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालचं मूल असेल तर औषध वेगळं असतं, म्हणून घरातल्या सगळ्यांना एकच पाकीट वाटू नका. ही गोळी जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून छाती अशी जळते की लोक हार्ट अटॅक समजून कॅज्युअल्टीत येतात, खोटं नाही सांगत.

गोळी घेतली तरी पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल, पिवळेपणा, लघवी कमी, असं काही झालं तर हॉस्पिटल, आणि पहिलं वाक्य "अमुक तारखेला पाण्यातून चाललो होतो" हे बोला. डॉक्टरचा अर्धा विचार तिथेच होतो.

गावी भात लावायला जाणाऱ्यांनाही हेच लागू. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे चिखलात दिवसभर काम केल्यावर लेप्टो होतो, आणि मुंबईत परतल्यावर ताप आला की गावचं कोणी डॉक्टरला सांगतच नाही.

नळाचं पाणी तर महापालिका शुद्ध करूनच देते, मग उकळायचं कशाला?

भांडुपला शुद्ध होतं हे खरं आहे. पण आपल्याकडे पाणी ठराविक वेळेलाच येतं. पाणी बंद झालं की पाईप रिकामा होतो, आणि जुना पाईप जिथे गटाराला लागून गेलाय तिथे चीर असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. वर कोणी मोटर लावून पाणी खेचत असेल तर विचारूच नका (लावणाऱ्यांनी वाचावं). म्हणून पहाटेचं पहिलं पाणी, रंग किंवा वास असलेलं, सोडून द्यायचं, मोरी धुवायला वापरा. नंतरचं गाळून उकळायचं, चांगला खळखळा आल्यावर काही मिनिटं राहू द्यायचं, झाकून गार करायचं आणि वरून ओगराळ्याने घ्यायचं, पेल्यासकट हात बुडवायचा नाही. चोवीस तासांनी उरलेलं बदला.

तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, जंतू मरतात असं धरून चालू नका. गॅस परवडत नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोरचे थेंब, बाटलीवर लिहिलंय तेवढेच, आणि अर्धा तास थांबून मग प्यायचं. वास येतो म्हणून लोक टाळतात, तर भांडं थोडा वेळ उघडं ठेवा, जातो वास. थंड पाण्याचे जे जार येतात ते थंड असतात एवढंच नक्की, शिक्का बघितल्याशिवाय शुद्ध समजू नका.

जुलाब झालेत, ओआरएस पाजतोय, तरी थांबत नाहीत?

ओआरएस जुलाब थांबवायला नसतंच, अंगातलं पाणी संपू नये म्हणून असतं. एक पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण पाकीट, पूर्ण लिटर. कपभर पाण्यात चिमूटभर पावडर टाकून दिली की प्रमाण बिघडतं, जास्त खारट झालं तर लहान मुलाला उलट त्रास होतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने परत सुरू. मेडिकलमध्ये ओआरएससारखं दिसणारं गोड पेय मिळतं ते वेगळं, नाव नीट वाचा.

लहान मुलांना झिंकची गोळी १४ दिवस देतात, जुलाब थांबले तरी. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. जेवण पण बंद नाही, मऊ भात, केळं, मुगाची खिचडी चालते. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही, शीमध्ये रक्त आहे, मूल मरगळून पडलंय, तर उठायचं आणि निघायचं.

कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायचं का? आमच्या आत्याला गुण आला होता.

पाण्यातून होणारी कावीळ, ए आणि ई, बहुतेकांची विश्रांतीने आपली आपण उतरते, तुम्ही माळ घाला नाहीतर चुन्याच्या पाण्यात हात धुवा. श्रद्धेपोटी जायचं तर जा, मी भांडत नाही, पण नाकात औषध सोडू देऊ नका, झाडपाल्याचा काढा पिऊ नका, लिव्हर आधीच दमलेलं असतं. आणि गरोदर बाईला कावीळ झाली तर मात्र कोणाचंही न ऐकता त्याच दिवशी हॉस्पिटल, ई प्रकार शेवटच्या महिन्यांत जीवावर बेततो. दारू पूर्ण बंद, ज्याला सांगायचंय त्याला कळलं असेल.

विडाल टेस्ट पॉझिटिव्ह आलीये, टायफॉईडच ना?

पहिल्या आठवड्यात विडालवर फार विश्वास ठेवू नका. रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघतात ते) जास्त खात्रीचं, आणि ते ॲन्टिबायोटिक सुरू करायच्या आधी.

पुण्यात जीबीएस झालं होतं, ते आपल्याकडे येईल का?

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या भागात एकदम बरेच पेशंट निघाले, तेव्हापासून पायाला मुंग्या आल्या तरी लोक मला फोन करतात. जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. दूषित पाणी-अन्नातून पोटाचं इन्फेक्शन होतं, तिथे कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला होता, आणि त्यानंतर क्वचित कोणाच्या तरी बाबतीत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. क्वचित, हे लक्षात ठेवा. जुलाब होऊन गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी पायातली ताकद जायला लागली, जिना चढवेना, मग ते वर हाताकडे सरकायला लागलं, तर वेळ घालवू नका. बाकी उपाय तोच, पाणी उकळणं आणि चिकन नीट शिजवणं.

पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्यात, खाज सहन होत नाही.

पाय कोरडे ठेवणं हेच अर्धं औषध. ओले सॉक्स घालून लोकलमध्ये दोन तास उभं राहिलात तर दुसरं काय होणार! पावसाळ्यात उघडी सँडल घाला, घरी आल्यावर बोटांच्या मधे फडक्याने पुसा, नुसती पावडर मारू नका, ओल्या पायावर तिचा चिखल होतो. गजकर्णासाठी मात्र मेडिकलवरून आणलेली ती झटपट गुण देणारी ट्यूब लावू नका, तिच्यात बऱ्याचदा स्टिरॉईड असतं, खाज दोन दिवसांत थांबते आणि गजकर्ण आतून पसरत जातं. डायबेटिसवाल्यांनी चिखल्यांना हलक्यात घेऊ नये, तिथूनच पाय सुजतो.

डोळे आलेल्या माणसाकडे बघितलं की डोळे येतात का?

नाही येत. २०२३च्या पावसाळ्यात आळंदीला आणि मग सगळीकडे साथ आली तेव्हा काळे गॉगल विकणाऱ्यांचा धंदा झाला. गॉगलने स्वतःला उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात डोळ्याला कमी लागतो, बस. लागण हात, रुमाल, टॉवेल, उशीतून होते. बहुतेक वेळा आठवड्यात जातं. स्टिरॉईडचे थेंब मनाने नको.

सर्दी-खोकला घरात सगळ्यांनाच आहे, स्वाईन फ्लू तर नसेल?

असू शकतो, तो आता दर पावसाळ्यात येतोच, २००९सारखं घाबरायचं काही राहिलेलं नाही. धडधाकट माणूस चार-पाच दिवसांत बरा होतो. धाप लागली, ओठ निळसर दिसले, छातीत दुखलं, उतरलेला ताप परत चढला तर थांबू नका. गरोदर, वयस्कर, दमा-डायबेटिसवाले यांना डॉक्टर लवकर औषध सुरू करतात, ते पहिल्या ४८ तासांत दिलं तर जास्त काम करतं. इथेही परत दिवसच मोजायचेत. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते.

पावसाळ्यात मासे खाल्ले तर बाधतात का?

ताजे असतील तर नाही. १ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या बोटी बंद असतात त्या माशांना अंडी घालायला मिळावी म्हणून आणि समुद्र खवळलेला असतो म्हणून, मासा विषारी होतो म्हणून नाही. अडचण एवढीच की त्या काळात बाजारात येतं ते बरंचसं बर्फातलं जुनं. सुकट-बोंबील हवेने ओले होतात, हिरवट बुरशी दिसली तर धुऊन तळून "चालतंय" करू नका.

गिरगाव चौपाटीला विसर्जनाला पाण्यात उतरू का?

त्या दिवसांत किनाऱ्याला पाकट आणि जेलीफिश असतात, दरवर्षी कोणाला तरी चावतात. अनवाणी कमरेभर पाण्यात जाऊ नका, मूर्ती महापालिकेच्या माणसांकडे द्या. पाकटाचा काटा लागला तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. लिंबू, हळद, बर्फ नको.

रात्री काही झालं तर कुठे फोन करायचा? तुमची बेल वाजवली तर चालेल ना?

ॲम्ब्युलन्ससाठी १०८. पाणी भरलं, झाड पडलं, मॅनहोल उघडं दिसलं तर महापालिकेचा १९१६. साध्या तपासण्यांसाठी जवळचा महापालिकेचा दवाखाना किंवा ‘आपला दवाखाना’ नावाने जी केंद्रं आहेत ती, तिथे रक्त फुकट तपासतात, आधी प्रायव्हेट लॅबमध्ये हजार-दीड हजार घालवून मग तिकडे जाण्यात काय हशील. जाताना जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि कॅलेंडरचा फोटो काढून न्या.

माझी बेल वाजवा. फक्त नाईट असते तेव्हा दुपारी दोनपर्यंत मी झोपलेली असते, दाराला निळा नॅपकिन अडकवलेला दिसला की समजा. प्लेटलेटचा रिपोर्ट वाचून घ्यायला तेव्हा वाजवू नका. ताप उतरून हातपाय गार पडलेत असं असेल तर नॅपकिन बघत बसू नका, दार बडवा.